गणिताचा तास समुद्रावर कशाला?

माझी मावसबहीण सिडनीत राहते. मध्यंतरी तिचा फोन आला. आवाजात काळजी आणि चीड निम्मी-निम्मी. "ताई, उद्या पोरीच्या वर्गाला समुद्रावर नेणार आहेत. नुसती सहल असती तर ठीक होतं. पण शाळेच्या पत्रात लिहिलंय की गणित, विज्ञान, इतिहास आणि इंग्रजी, चारही विषयांचं काम तिथेच होणार. आणि बघायचं काय, तर अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांनी खाऊन टाकलेले शिंपले! आता शिंपल्यांत कसलं गं आलंय गणित?"

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे घरातले असले सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. तिला फोनवर सांगितलं ते थोडं, राहिलं ते बरंच. ते सगळं इथे नीट मांडते, कारण परदेशातल्या बऱ्याच मराठी आई-बापांना हे पत्र कधी ना कधी येतं आणि बुचकळ्यात पाडतं.

आधी शब्दांचा गुंता

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात आठ विषयगट आहेत. भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्रं, कला वगैरे, आपल्याला ओळखीचेच. त्यांच्या जोडीला तीन सूत्रं आहेत, जी कुठल्याच एका विषयाच्या मालकीची नाहीत. पहिलं, अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या लोकांचा इतिहास व संस्कृती. दुसरं, आशियाशी ऑस्ट्रेलियाचं नातं. तिसरं, निसर्ग पुढच्या पिढ्यांनाही पुरेल अशा बेताने वापरणं. २०२२ साली अभ्यासक्रमाची सुधारित आवृत्ती आली, तिच्यातही ही तिन्ही कायम राहिली. विषयांच्या भिंती ओलांडणाऱ्या अशा शिकवण्याला तिकडे 'क्रॉस-करिक्युलर' म्हणतात.

आपल्या पानात मीठ डाव्या बाजूला वाढतात. ते वेगळं दिसतं, लागलं तर घ्यायचं, नाही तर तसंच राहतं. पण आमटीत पडलेलं मीठ वेगळं काढता येत नाही. ही तीन सूत्रं आमटीतल्या मिठासारखी असावीत, असा हेतू आहे. बऱ्याच शाळांत ती अजून पानातल्या मिठासारखीच वाढली जातात, हा भाग वेगळा.

डी.एड. केलेल्यांना हे वाचून 'समवाय पद्धत' आठवली असेल. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींच्या नई तालीमची जी मांडणी झाली, तिचा गाभा हाच होता. टकळीवर सूत काढता काढता मोजमाप, कापसाचा भूगोल आणि कापडाच्या व्यापाराचा इतिहास शिकायचा. परीक्षेत आम्ही सगळ्यांनी यावर टीप लिहिली आणि वर्गात जाऊन पुन्हा तासाला एक विषय शिकवू लागलो.

आणखी एक खुलासा. अ‍ॅबोरिजिनल म्हणजे एक जमात असं समजू नका. १७८८ साली ब्रिटिश वसाहत सुरू झाली तेव्हा त्या खंडावर २५० हून जास्त भाषा बोलल्या जात होत्या. टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरचे लोक आणखी निराळे.

एका ढिगात किती तास मावतात

सिडनीच्या किनाऱ्यावर, खाड्यांच्या कडेला, खडकांच्या आडोशाला शिंपल्यांचे थर आढळतात. त्यांना 'मिडन' म्हणतात. शब्दशः अर्थ उकिरडा, पण मला तो शब्द इथे लावायला जीभ रेटत नाही. माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या बसली, कालवं फोडली, मासे भाजले आणि टरफलं तिथेच टाकली. त्याचे थर साचत गेले.

आता पहिला प्रश्न. हा ढीग माणसांनी केला की लाटांनी? मुलांना उत्तर सांगायचं नाही, पुरावे शोधायला लावायचे. लाटेने आणलेल्या ढिगात लहान-मोठे, खाण्याजोगे आणि न खाण्याजोगे, सगळे शिंपले असतात, घासून गुळगुळीत झालेले. माणसाच्या ढिगात निवड दिसते. चार-दोन जाती, त्याही बहुतेक पूर्ण वाढलेल्या. सोबत कोळसा, माशांचे काटे, दगडाच्या छिलक्या. हा झाला विज्ञानाचा तास, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही.

दुसरा प्रश्न, किती जुना? इथे गणित येतं. सजीवाच्या शरीरात कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार असतो. जीव गेला की तो ठरावीक वेगाने घटत जातो. ५,७३० वर्षांत निम्मा, ११,४६० वर्षांत पाव. म्हणजे उरलेला भाग मोजला की वय काढता येतं. पण शिंपला इथे फसवतो. समुद्राच्या पाण्यातला कार्बन आधीच 'शिळा' असतो, म्हणून शिंपल्याचं वय काहीशे वर्षं जास्त निघतं आणि दुरुस्ती करावी लागते. शेजारी कोळसा सापडला तर ताळा करता येतो. मोठ्या वर्गातल्या मुलांसाठी घातांकाचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. आम्ही बापडे बँकेच्या चक्रवाढ व्याजावर भागवत आलो.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. समजा वरच्या थरांतले शिंपले खालच्यांपेक्षा लहान निघाले. का? माणसांनी जास्त ओरबाडलं? पाणी गढूळ झालं? की खाणारी माणसंच बदलली? एकाच आकडेवारीला तीन स्पष्टीकरणं, आणि कुठलं खरं ते ठरवायला आणखी काय मोजावं लागेल, हे वहीत लिहायचं. भाषेचा तास याहून वेगळा काय असतो?

चौथा मात्र जरा बोचरा आहे. सिडनीच्या बंदरात पूर्वी हे ढीग कितीतरी जास्त होते, ते गेले कुठे? ब्रिटिशांनी वसाहत केली तेव्हा बांधकामाला चुना हवा होता आणि जवळपास चुनखडीचा दगड मिळेना. मग हेच ढीग भट्टीत घातले. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो भाजला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कोकणात आणि गोव्यात शिंपल्यांचा चुना घरोघर ठाऊक होता, त्यामुळे ही रसायनं आपल्याला परकी नाहीत. आज जिथे सिडनीचं प्रसिद्ध ऑपेरा हाउस उभं आहे, त्या टोकाला एके काळी चुनाभट्टीवाल्यांचं टोक म्हणत. एका समाजाच्या हजारो वर्षांच्या जेवणावळींचा पुरावा दुसऱ्या समाजाच्या भिंतींत गेला. रसायनशास्त्र आणि इतिहास एका वाक्यात येतात ते असे.

उरलेल्या ढिगांना आता न्यू साउथ वेल्समध्ये १९७४ च्या कायद्याचं संरक्षण आहे. मुलांनी बघायचं, चित्र काढायचं, पण एक शिंपलाही उचलायचा नाही. मोजण्याचं काम बाजूच्या खडकाळ किनाऱ्यावर करता येतं. दोरीची चौकट टाकायची, आतल्या जिवंत गोगलगायी मोजायच्या, पाच-सहा ठिकाणी तेच करून सरासरी काढायची. उत्खननाचा सराव हवाच तर शाळेच्या आवारात, वाळूच्या टोपात.

गळ, होडी आणि एक हळवा शब्द

सिडनीच्या बंदरातल्या बायका झाडाच्या सालीच्या होडीतून मासे धरत. तळाशी मातीचा थर, त्यावर छोटा विस्तव, मासा धरला की तिथेच भाजायचा. गळ पगडीच्या आकाराच्या शंखातून घासून काढलेला, चंद्रकोरीसारखा. गळाला त्यांच्या भाषेत 'बारा'. त्या गळाला आमिष टोचायची सोय नाही, तो स्वतःच चमकतो. तो का चमकतो, कोर किती उघडी ठेवली तर मासा अडकेल, यावर तंत्रज्ञानाचा एक तास सहज निघतो.

त्या भाषेबद्दल आपल्याला जे कळतं, त्यात मोठा वाटा विल्यम डॉज या लष्करी अधिकाऱ्याच्या वह्यांचा आहे. तो खगोल-निरीक्षक होता, आणि १७९०-९१ च्या सुमारास पट्येगरांग नावाच्या तरुण मुलीने त्याला आपली भाषा शिकवली. वहीत एक क्रियापद आहे, 'पुटुवा'. आपला हात विस्तवावर शेकून मग दुसऱ्याची बोटं हलकेच दाबणं, एवढा सगळा अर्थ त्या एका शब्दात. मराठीत याला शब्द सुचतो का बघा. मला सुचला नाही.

पण दंतकथांना विज्ञान म्हणायचं का?

हा आक्षेप रास्त आहे. उत्तर असं की म्हणायचं नाही, तपासायचं.

शेवटच्या हिमयुगात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. बर्फ वितळत गेला आणि सुमारे ७,००० वर्षांपूर्वी पाणी जवळपास आजच्या पातळीला आलं. सिडनीचं बंदर म्हणजे तेव्हा बुडालेली नदीची दरीच. आता हिशोब करा. १३,००० वर्षांत १२० मीटर म्हणजे वर्षाला सरासरी ९ मिलिमीटर. फार वाटत नाही. पण किनारा सपाट असेल, हजार मीटरला एक मीटर एवढाच उतार असेल, तर ५० वर्षांत समुद्र साडेचारशे मीटर आत येतो. आजोबांनी जिथे आग पेटवली तिथे नातवाला होडी लागणार. असं काही एखादा समाज विसरेल?

दक्षिण ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या मुखाशी राहणाऱ्या ङारिंजेरी लोकांची एक कथा आहे. ङुरुंदेरी हा पूर्वपुरुष पळून गेलेल्या दोन बायकांचा पाठलाग करत किनाऱ्यावर येतो. त्या कांगारू बेटाकडे चालत निघालेल्या असतात. चालत, कारण तेव्हा मध्ये जमीन आहे. तो समुद्राला वर यायची आज्ञा देतो, त्या बुडतात आणि त्यांची बेटं होतात. भूशास्त्र सांगतं की ते बेट सुमारे १०,००० वर्षांपूर्वी मुख्य भूमीपासून तुटलं.

पॅट्रिक नन हे भूगोलतज्ज्ञ आणि निकोलस रीड हे भाषातज्ज्ञ. त्यांनी २०१६ साली किनाऱ्यावरच्या २१ ठिकाणच्या अशा कथा एकत्र मांडल्या आणि म्हटलं की या ७,००० वर्षांहून जुन्या आठवणी असू शकतात. तोंडी परंपरा एवढी टिकेल का? ऑस्ट्रेलियात कथा बरोबर सांगितली जाते ना हे बघायची जबाबदारी ठरावीक नातेवाइकांवर असते, हा त्यांचा एक मुद्दा. आपल्याकडे वेद टिकवायला पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ असे उलटसुलट ताळे होते, त्यामुळे ही कल्पना आपल्याला पटायला जड जाऊ नये. तरीही शंका उरतेच. आजच्या किनाऱ्याकडे बघूनही कुणी अशी कथा रचू शकतो. वर्गात दोन्ही बाजू मांडून वाद घडवायचा. मुलांना पुरावा म्हणजे काय, हे कळण्याशी मतलब.

रुपया, वलंदेज आणि चिंच

आता नकाशावर वर जाऊ, उत्तरेच्या आर्नहेम लँडच्या किनाऱ्यावर. तिथले लोक योल्ङू. यातला 'ङ' आपण लहानपणी घोकतो आणि पुढे 'वाङ्मय' सोडलं तर कुठे वापरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी भाषांत शब्दांची सुरुवातच त्याने होते, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांची तिथे त्रेधा उडते. आपल्या मुलांना मात्र लिपीत अक्षर तयार आहे.

योल्ङू भाषांत पैशाला 'रुपिया' म्हणतात. गोऱ्या माणसाला 'बलांडा'. हे शब्द कुठून आले? इंडोनेशियातल्या मकासार बंदरातून दर डिसेंबरात वायव्येच्या मान्सूनवर शिडाची जहाजं यायची आणि एप्रिलच्या सुमारास वारा फिरला की परत जायची. त्यांना हवी होती समुद्रकाकडी. उथळ पाण्यातला हा गुबगुबीत जीव उकडून, धुरावर सुकवून चीनला विकला जाई. हा व्यवहार निदान अठराव्या शतकाच्या मध्यापासून १९०६-०७ पर्यंत चालला, मग दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने तो बंद पाडला. रुपिया म्हणजे आपल्याच रुपयाचा भाऊबंद. बलांडा म्हणजे हॉलंडर, डच माणूस. त्याच हॉलंडवरून मराठीत 'वलंदेज' आला. दोन किनाऱ्यांनी एकाच परक्याला आपापल्या जिभेने नाव दिलं.

आणि चिंच. मकासारचे खलाशी चिंचा घेऊन यायचे. त्यांच्या जुन्या तळांच्या जागी आज चिंचेची झाडं उभी आहेत. इतिहासाच्या तासाला झाड हाच दस्तऐवज. ऑस्ट्रेलियाचा इतिहास इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकपासून सुरू होतो, असं समजणाऱ्याला त्या झाडाखाली नेऊन बसवावं.

या नादात खरं गणित मागे पडेल त्याचं काय?

माझ्या बहिणीची खरी भीती हीच. तिकडे तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीत देशभर एक चाचणी होते, आणि गुण सगळ्यांनाच हवे असतात.

योल्ङू समाजात प्रत्येक माणूस, प्रत्येक जागा, प्रत्येक प्राणी दोनपैकी एका बाजूचा असतो, धुवा किंवा यिर्रिचा. लग्न दुसऱ्या बाजूत करायचं. मूल बापाच्या बाजूचं. आपल्या गोत्रासारखंच, फक्त गोत्रं दोनच. आता सांगा, तुम्ही धुवा असाल तर आईची आई कुठली? आई यिर्रिचा, कारण बापाने दुसऱ्या बाजूत लग्न केलं. आईचा बाप यिर्रिचा, म्हणून आईची आई धुवा. परत तुमच्याच बाजूची! बायकांच्या दुव्यावरून वर गेलं की दर पिढीला बाजू उलटते, पुरुषांच्या दुव्यावरून गेलं की तीच राहते. म्हणजे सम-विषमाचाच नियम, रक्ताच्या नात्यांत मांडलेला. पणजीच्या पणजीपर्यंत मुलांना कागदाशिवाय सांगता येतं का बघा. खरं गणित ते हेच, आकडे नसलेलं.

यिरकाला गावच्या शाळेत १९८० च्या दशकात योल्ङू शिक्षकांनी नात्यांची ही रचना आणि पाश्चात्त्य अंकगणित शेजारी-शेजारी ठेवून अभ्यासक्रम घडवायला घेतला. मंदावुय युनुपिंगू तिथले पुढे मुख्याध्यापक झाले. 'योथू यिंडी' या बँडचे गायक म्हणून जग त्यांना ओळखतं, मी मुख्याध्यापक म्हणूनच ओळखते. त्या शाळेने 'गान्मा' ही जुनी कल्पना शिक्षणाला लावली. नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी भेटतात, एकमेकांत घुसतात, फेस उठतो, पण कुणी कुणाला गिळत नाही. खाडीकाठी वाढलेल्याला हे समजावून सांगायला नको.

वाईट रीतीने केलं तर मात्र वेळ वाया जातो, हे कबूल करायला हवं. सिडनीच्या समुद्रावर नेऊन मुलांकडून ठिपक्यांची चित्रं काढून घेणं हा त्यातला नेहमीचा प्रकार. ती शैली जगापुढे आली १९७१ पासून, पापुन्यामधून, म्हणजे खंडाच्या मधल्या वाळवंटातून. सिडनीच्या किनाऱ्याची कला म्हणजे खडकावर कोरलेले देवमासे आणि शार्क. कोल्हापुरात 'भारतीय नृत्य' म्हणून भांगडा बसवावा तसलं ते काम. अशा वेळी पालकांनी तक्रार जरूर करावी, पण 'कशाला शिकवता' अशी न करता 'इथलं का नाही शिकवत' अशी करावी.

हे सांगायचा हक्क कुणाचा?

कोकणात कुठलंही मोठं काम काढण्याआधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात. गावाचा राखणदार असतो, त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. ऑस्ट्रेलियात 'कंट्री' हा शब्द काहीसा या भावनेने वापरतात. त्यात जमीन, पाणी, आकाश, प्राणी, पूर्वज आणि त्यांच्याशी असलेलं नातं, सगळं आलं. परगावच्या माणसाने त्या-त्या मुलखाच्या माणसांना विचारून यावं आणि तिथली कथा तिथल्या वडीलधाऱ्यांनी सांगावी, ही रीत. काही कथा फक्त बायकांच्या, काही फक्त पुरुषांच्या, काही बाहेर सांगायच्याच नाहीत. शिक्षकाने पुस्तकातून उचलून सांगितलं तर माहिती बरोबर असूनही चूक होते.

चित्राचंही तसंच. १९९० च्या दशकाच्या शेवटी योल्ङू चित्रकारांनी झाडाच्या सालीवर ८० चित्रं काढली. कुठल्या कुळाचं पाणी कुठून कुठवर, हे त्यात होतं. आपल्या दृष्टीने तो समुद्राचा सातबाराच. २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लू मड बे खटल्यात मान्य केलं की त्यांच्या जमिनीवर भरती-ओहोटीचं जे पाणी येतं, तिथे मासेमारीला त्यांची परवानगी लागेल. कलेच्या तासाला ही चित्रं दाखवताना नागरिकशास्त्र आपसूक येतं.

आणि भाले. १७७० साली कुकचं जहाज आजच्या सिडनीजवळ कमेच्या (इंग्रजीत बॉटनी बे) उपसागरात आलं, तेव्हा त्याच्या माणसांनी किनाऱ्यावरच्या वस्तीतले सुमारे ४० भाले उचलले. त्यातले चार उरले, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात. २०२४ साली ते परत मिळाले. अडीचशे वर्षांनी वस्तू घरी येते तेव्हा संग्रहालयं, कायदा, धातू नसलेली शस्त्रं, लाकूड आणि डिंक, काय काय बोलता येतं वर्गात.

आपल्या मुलांचा यात काय संबंध?

२०२१ च्या जनगणनेत स्वतःची नोंद अ‍ॅबोरिजिनल किंवा टोरेस सामुद्रधुनीचे म्हणून करणारे ३.२ टक्के होते. मग बाकीच्यांनी का शिकायचं? बहिणीला मी उलटं विचारलं, "तू ज्या गावात घर घेतलंस, त्या गावाचं नाव कुठल्या भाषेतलं आहे ते ठाऊक आहे का?" नव्हतं. पुण्यात भाड्याने राहायला आल्यावर आपण आठवड्यात पेठांची नावं का पडली ते शोधतो.

आपल्याकडेही हा प्रयोग झाला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आणि मग कोसबाडला वारली मुलांसाठी शाळा घेऊन गेल्या. गुरं राखायला गेलेली मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळा कुरणात गेली, तिचं नाव कुरणशाळा. मुलाच्या हाताशी जे आहे त्यातून शिकवायचं, हे त्या समुद्रकाठच्या टेकड्यांवर त्यांनी करून दाखवलं.

सहल झाली. भाची दमून घरी आली आणि रात्री तिने व्हिडिओ कॉल लावला तो मला नव्हे, मालवणजवळ राहणाऱ्या आजीला. "आजी, तिसऱ्या खाल्ल्यावर तुम्ही टरफलं कुठे टाकायचा?" मावशी आधी हसली, मग म्हणाली की माडाच्या मुळाशी, तिच्या सासूनेही तिथेच टाकली, तिच्या सासूनेही. "कुठल्या माडाच्या?" विहिरीजवळच्या. "किती खोल असतील?" मावशीला सांगता येईना. भाचीने वही काढली आणि आठवड्यातून किती वेळा तिसऱ्या व्हायच्या, एका वेळी साधारण किती, घरात माणसं किती, असं एकेक विचारत लिहायला घेतलं.